पार्किंगमधलं उघडं इंजिन

तात्यांची आणि माझी ओळख शिवीने झाली. मारुंजीच्या या सोसायटीत मी नुकतीच राहायला आले होते. ऑफिसला उशीर झाला म्हणून सकाळी खाली येऊन मोटारसायकल चालू केली आणि लगेच ॲक्सिलरेटर पिळला. खांबाआडून आधी एक शिवी आली. ती काही मी इथे लिहीत नाही. मग शब्द आले, "झोपल्याल्या मानसाच्या पेकाटात लाथ घालून उठवतीस व्हय? तेल तरी वर चढू दे तिच्यात!"

खांबाआड बनियन-लेंग्यातले एक सत्तरीचे गृहस्थ पाना घेऊन आपल्या जुन्या मोटारसायकलीपाशी उकिडवे बसले होते. मी नांदेडची, तोंड मलाही आहे. "गाडी माझी आहे, तुमची नाही," मी म्हणाले. "गाडी तुझी, पर हाल मला बगवत न्हाईत," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांची 'नांदेडवाली' झाले आणि माझे रविवार त्या खांबाशी जाऊ लागले.

तो खांब जिथे उभा आहे ती जमीन तात्यांचीच. तिथे त्यांचं भाताचं खाचर होतं. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळाले, त्यातल्या एकात ते राहत आणि बाकीच्यांत भाडेकरू. कशाची ददात नव्हती. मुलगा नवी गाडी घेऊन द्यायला तयार होता, सर्व्हिसिंगवाला दारातून गाडी न्यायला तयार होता. हा विषय काढला की तात्या भडकायचे. "वावर गेलं, बैलं गेली. आता हाताला ह्येवढंच काम राहिलंय. त्येबी दुसऱ्याला देऊ?"

"आधी कान, मग पाना," हे त्यांचं ठरलेलं. चालू इंजिनाला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. "ऐक. वरनं टिकटिक येतीया. टॅपेट ढिलं झालंय." खोललेली प्रत्येक वस्तू एका जुन्या चादरीवर डावीकडून उजवीकडे मांडली जाई, जशी निघाली त्याच क्रमाने. बोल्टांसाठी मिठाईच्या खोक्याचं झाकण होतं. त्यावर पेनाने इंजिनाचा आकार काढायचा, भोकं पाडायची आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच टोचून ठेवायचा. ती चादर कुणी ओलांडलेली त्यांना खपत नसे. "वळसा घालून जा!" म्हणून ते सख्ख्या मुलावरही ओरडत.

फार मोठे कारागीर होते असं मात्र नाही. ताकद जास्त आणि धीर कमी. माझ्या गाडीचा तेल सोडायचा बोल्ट त्यांनी इतका आवळला की आटेच गेले, आणि वर आठवडाभर तेच माझ्यावर फुगून बसले. "तुझ्या गाडीचा धातूच कच्चा," म्हणे!

खंडेनवमीला आमच्या पार्किंगमध्ये सगळ्या गाड्या धुऊन ओळीने लावतात, हळदकुंकू आणि हार घालतात. तात्यांना त्याची चीड होती. "पोटात काळं तेल, अन् म्होरं झेंडू! वरनं आंगूळ घालून पूजा व्हती का?" म्हणून दर नवरात्रात ते इंजिन खोलून आतून स्वच्छ करत आणि खंडेनवमीला गाडी चालू करूनच पूजेला उभी करत. गाडीची धडधड ऐकत हार घालताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

कमिटीला हे सगळं खुपत होतं. फरशीवर तेलाचे डाग पडतात म्हणून पार्किंगमध्ये दुरुस्तीला मनाईची नोटीस लागली. याच फरशीवर वाढदिवसाचा केक फासलेला चालतो, पानाच्या पिचकाऱ्या चालतात, पण तेलाचा एक थेंब पडला की सोसायटीची अब्रू जाते! मी मीटिंगमध्ये भांडले. "मॅडम, सोसायटीचं काही स्टँडर्ड आहे," सेक्रेटरी म्हणाले. तात्या मागच्या खुर्चीवरून उठले. "तुजी फरशी उकर अन् बग. खाली माझं खाचर हाय." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चादर पसरून बसले.

त्या वर्षी तात्यांची गाडी निळा धूर सोडत होती. पिस्टनच्या रिंगा गेल्या होत्या. तात्यांनी नवरात्रात हेड, ब्लॉक, पिस्टन सगळं उतरवलं. काम अर्ध्यावर असताना भरे गावाहून निरोप आला, तिथे दिलेली थोरली बहीण गेली. ते तसेच उठले. चादरीभोवती खडूने रेघ मारली, वॉचमनला म्हणाले, "कुनी हात लावायचा न्हाई," आणि काळे हात पुसत निघून गेले.

पूजेच्या आदल्या दिवशी कमिटीने सफाई काढली. या लोकांच्या हिशेबी उघडलेलं म्हणजे मोडलेलं आणि मोडलेलं म्हणजे भंगार. वॉचमन नको नको म्हणत असताना त्यांनी चादरीवरचं सगळं पोत्यात कोंबून भंगाराच्या टेम्पोत दिलं. बोल्ट टोचलेलं झाकणही त्यातच गेलं. मी ऑफिसातून आले तेव्हा फरशी चकाचक होती आणि खांबाशी पोट रिकामं केलेली गाडी उभी होती. भंगारवाल्याला शोधत मी माण गावापर्यंत गेले. माल पुढे गेला होता. सेक्रेटरींच्या दारात जाऊन मी काय काय बोलले ते सगळ्या मजल्यांनी ऐकलं, आणि त्यातला एक शब्दही मला आजवर परत घ्यावासा वाटलेला नाही.

तात्या परतले. सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "तात्या, गैरसमज झाला. सगळं नवं आणून देतो."

तात्या ओरडले नाहीत. "माझं वावर घ्यायला त्यो बिल्डर धा येळा दारात आलता. च्या पिऊन, पाया पडून इचारलं त्यानं. तुमाला एकदा इचारता आलं न्हाई?"

त्यांनी नवे भाग आणू दिले नाहीत. गाडी टेम्पोत घातली आणि भऱ्याला भाच्याकडे राहायला गेले. मी भेटायला गेले की अंगणात बसून गप्पा मारत. गाडी गोठ्यात झाकून ठेवलेली होती. "खोला की तात्या, मी आणते सामान," मी म्हणायचे. ते हाताकडे बघायचे आणि म्हणायचे, "ऱ्हाऊ दे." पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. भाचा म्हणाला, आजार असा काही नव्हता.

सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स लागला. 'आमचे आधारस्तंभ, मूळ जागामालक यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली अख्ख्या कमिटीचे फोटो, सेक्रेटरींचा सगळ्यात मोठा. तो बघून माझं डोकं असं फिरलं की अजून ठिकाणावर आलेलं नाही. येऊही नये.

यंदा नवरात्रात मी त्याच खांबाशी जुनी चादर पसरली आणि माझ्या गाडीचं इंजिन खोललं. डावीकडून उजवीकडे सगळं मांडलं, झाकणाला बोल्ट टोचले. सेक्रेटरी फोनवर बोलत आले. "मॅडम, नोटीस वाचली नाही का?" म्हणत त्यांनी चादर ओलांडायला पाय उचलला.

माझ्या तोंडून आधी शिवी गेली. तात्यांचीच, पहिल्या दिवशीची. मग मी ओरडले, "वळसा घालून जा!"

त्यांचा पाय तसाच अधांतरी राहिला. मग तो त्यांनी मागे घेतला आणि वळसा घालून गेले.