अर्थिंगवर चाललेलं घर

विजेवर चालणारी माझी गाडी माहेरच्या पडवीसमोर उभी होती आणि काही केल्या चार्ज होत नव्हती. दुसऱ्या दिवशी आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सांगलीला न्यायचं होतं. माहेर कवठे महांकाळच्या पुढं. उन्हाच्या तलखीत सांगलीहून येताना एसी चालू ठेवला, त्यामुळं परतीपुरती बॅटरी उरली नव्हती. चार्जर भिंतीतल्या मोठ्या सॉकेटला लावला की त्याचा लाल दिवा लुकलुकायचा, बस्स.

मी मुळातच तापट. प्लग काढला, परत लावला. गाडी लॉक करून उघडली. ठरावीक वेळेलाच चार्ज व्हायची सोय फोनवर चुकून चालू राहिली नाही ना, तेही पाहिलं. मग स्वयंपाकघरातल्या सॉकेटवरून जाड वायर ओढून आणली. दिवा लालच. धाकटा भाऊ सैन्यातून हवालदार होऊन परतलेला. कमरेवर हात ठेवून तो माझी धावपळ बघत होता. घरात पंखा चालतो, फ्रिज चालतो, मग हिलाच काय धाड भरलीय, असं त्याचं म्हणणं. सांगलीचं पाणी लागलंय तुझ्या गाडीला, असा टोमणाही मारून झाला. एरवी मी हसले असते.

पण आल्यापासून मला घरात काहीतरी बिनसल्यासारखं वाटत होतं. दिवसाढवळ्या पंखा मध्येच मंदावायचा, पुन्हा वेग घ्यायचा. म्हैस तहानलेली असायची, पण नळाजवळच्या सिमेंटच्या कुंडीपाशी नेली की पाय रोवून मागं सरायची. तिला गोठ्यातच बादलीनं पाणी द्यावं लागे. दृष्ट लागली म्हणून आईनं तिच्यावरून मीठमिरच्या उतरवून टाकल्या होत्या. खुद्द आईच्याही पायाला कुंडीपाशी गेलं की मुंग्या येत होत्या. साखर वाढली असेल, सांगलीत तेही दाखवू, असं मी तिला म्हटलं होतं.

त्या कुंडीशेजारीच अर्थिंगची सळई जमिनीत पुरलेली होती, भोवती मीठ आणि कोळसा घातलेला खड्डा. दिवे मंदावले की त्या खड्ड्यात पाणी ओतायचं, हे काम भावानं आईला लावून दिलं होतं. आणि आई ते तुळशीला पाणी घालावं तसं करायची. जिथं पाणी घालायचं तिथं चप्पल घालून जायचं नाही, हा तिचा आयुष्यभराचा नेम.

चार्जरला फसवायची एक युक्ती भावानं कुठल्याशा व्हिडिओत पाहिली होती. प्लगमध्येच दोन वायरी एकमेकींना जोडायच्या, म्हणजे चार्जर कुरकुर करत नाही. तो पेचकस घेऊन बसला. गाडी लय वीज ओढणार, तवा बादलीभर पाणी वत, असं त्यानं आईला सांगितलं. मलाही तेव्हा गाडी चालू होण्याशी मतलब होता. तरी अडला हरी म्हणत मी गाडीच्या कंपनीला फोन लावला.

पलीकडच्या मुलीनं दिव्याचा रंग विचारला आणि मग घराला अर्थिंग आहे का, असं विचारलं. स्पीकर चालू होता. भाऊ हसून म्हणाला, "आवं ताई, आर्थिंगवरच तर चाललंय सगळं घर."

म्हणजे काय, हे तिनं विचारल्यावर त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. वाऱ्यात खांबावरची न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार तुटली होती. वायरमन आज येतो, उद्या येतो करत होता. म्हणून ह्यानं घरातली परतीची वायर सरळ त्या सळईला जोडून दिली. आमच्याकडं यात कुणाला वावगं वाटत नाही. शेतातला दिवासुद्धा लोक असाच लावतात.

 ती मुलगी अगदी सावकाश म्हणाली, "त्या सळईजवळ आत्ता कोणी आहे का?"

मी वळून पाहिलं. आईनं चपला कडेला काढून ठेवल्या होत्या आणि बादली घेऊन ती खड्ड्यावर वाकत होती. वायरी जोडलेला प्लग भावानं सॉकेटपाशी नेला होता.  मेन स्विच पाड, एवढंच मी ओरडले. फौजेतली सवय, त्यानं कारण विचारलं नाही. प्लग टाकून तो धावला.

पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली. मुलगी सांगत होती, की घरात वापरलेली सगळी वीज त्या सळईतून जमिनीत उतरते, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहणारा तिच्या वाटेतच उभा असतो. गाडीनं वीज ओढायला सुरुवात केली असती तर त्या माणसाला हाक मारायलाही वेळ मिळाला नसता. चार्जर बिघडलेला नव्हता, तो आधी अर्थिंग तपासत होता. म्हशीसारखाच तोही त्या जमिनीवर भरवसा ठेवायला तयार नव्हता.

"मुंग्या थांबल्या गं," आई तिथूनच म्हणाली. "आजून पानी वतलं बी न्हाई."

 परत आलेल्या भावानं आईच्या चपला उचलल्या, ओल्या मातीत गुडघे टेकले आणि तिचा पाय हातात धरला. आईनं पाय मागं ओढून घेतला.

"हितं चप्पल घालून यायचं न्हाई रं," ती म्हणाली.