टेकवून ठेवलेला फोन

माझे पती सैन्यात आहेत. सध्या त्यांची पलटण शांतिसेनेबरोबर आफ्रिकेतल्या एका देशात आहे, आणि तिथले त्यांचे आयुष्य कोरगावात आमच्या घरी दर रविवारी फोनच्या पडद्यावरून येते. त्यातून आम्हांला पुष्कळ कळले. तिथली माती डिचोलीच्या खाणींवरच्या मातीसारखी लाल आहे. छावणीत पाव मिळतो, पण आमच्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, गोल उंड्यासारखे त्याचे कवच कडक नसते. पांढऱ्या गाड्यांवर बसलेली धूळ पुसण्यात अर्धी सकाळ जाते. हे सारे सांगताना ते फोन हातात घेऊन छावणीभर हिंडत, आणि इकडे सासूबाईंना गरगरायचे.

"अरे, एका जाग्यार उबो रव रे! माका होडयेत बसल्यासारख्या वाटता," त्या ओरडायच्या.

श्रावणात ते चित्र हलायचे थांबले.

सासूबाईंना बरे वाटले. मला वाटले नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते. एखादा चुळबुळ्या मुलगा अचानक शांत बसला, तर त्याला शाबासकी देण्याआधी मी बाकाखाली पाहते. इथेही मी तसेच पाहू लागले. फोन कशाला तरी टेकवून ठेवलेला असे, आणि ते त्यापुढे छातीपासून वर तेवढे दिसत. एरवी लांबलचक मजकूर लिहून पाठवणारा माणूस आता नुसते बोललेले निरोप पाठवू लागला होता. मित्रांच्या गटावर त्यांनी टाकलेल्या छायाचित्रात आंब्याचे झाड मोहोराने भरले होते. त्याच झाडाचे पिकलेले आंबे खाल्ल्याचे तर त्यांनी ज्येष्ठातच सांगितले होते. म्हणजे छायाचित्र जुने होते. जुने छायाचित्र आजचे म्हणून पाठवणाऱ्याला आजचे काही दाखवायचे नसते, असा निष्कर्ष मी काढला.

"फोन हातात कित्याक घेत नाय तुमी?" मी सरळ विचारले.

"आवशीक गरगरता मगो!" ते हसले. "मास्तरीणबाई, तुमची तपासणी शाळेत ठेवा."

उत्तर बरोबर होते. फक्त ते फार लवकर आले होते, पाठ केलेल्या उत्तरासारखे.

धाकटे दीर डिचोलीला खनिजाच्या ट्रकवर चालक आहेत. चवथीला ते घरी आले. भावाभावांचे फोनवर वेगळे बोलणे होते, हे मला ठाऊक होते. पण यंदा माझी चाहूल लागली की त्यांचा फोन पालथा होऊ लागला. गणपतीच्या डोक्यावर आम्ही रानफळे आणि सुपारीचे घोस टांगून माटोळी सजवतो. दीर स्टुलावर उभे राहून ती बांधत होते आणि मी खालून घोस देत होते.

"भावजी, ते बरे आसत मगो?"

"बरो आसा गे वयनी. घोस दी वर." त्यांनी खाली पाहिले नाही. थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "तुका सगळ्यांचोच संशय. शाळेत पोरांक मुताक सोडतानाय दाखलो मागतंस काय?"

सासूबाई खळखळून हसल्या. मी हसले नाही. माझी शंका आता एका जागी येऊन थांबली होती: त्यांचा उजवा हात. तो जागेवर आहे की नाही, एवढेच मला कळायला हवे होते.

संध्याकाळच्या आरतीला आम्ही फोन समईशेजारी टेकवला. पडद्यावरून त्यांचा आवाज खणखणीत येत होता. आम्ही टाळ्या वाजवत होतो; त्यांच्या टाळ्या ना दिसल्या, ना ऐकू आल्या.

आरतीनंतर आमच्याकडे घरातला वडील माणूस देवापुढे गाऱ्हाणे घालतो. तो एकेक वाक्य म्हणतो आणि बाकीच्यांनी त्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणायचे असते. व्हय म्हटले की ते वाक्य आपलेही होते. म्हणून खोट्याला कोणी व्हय म्हणत नाही.

मामंजींनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, लेकरू परमुलखात आसा, तेका सांबाळून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. फोनमधूनही आले.

"आजपावत तेका हातापायान धड ठेवलंस, तसोच फुडे ठेव म्हाराजा!"

सासूबाई म्हणाल्या, शेजारी म्हणाले. दीर हातातली घंटा ठेवायला खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. पडद्यावरचे ओठ मिटलेले होते. माझ्याशी खोटे बोलणे दोघांना जमले होते; देवाशी जमले नाही.

मी समईशेजारचा फोन उचलला. "उजवो हात दाखवा."

ते पडद्यात जरा मागे सरकले. मग कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये घातलेला हात हळूहळू वर आला.

"गाडी घळीत कलंडली. हाड मोडला. बोटां हलतत, बघ."

"मेल्या, देवापुढे फसवतंस?" सासूबाई रडत ओरडल्या.

"गप रवलंय मगे आये! व्हय खंय म्हटलंय?"

शेजारी हसले. मी बोटांकडे पाहत होते.

"अंगठो?" मी विचारले.

"तो मागसून हलतलो, डाक्टर सांगता."

दुसऱ्या संध्याकाळी मामंजींनी ते वाक्य दुरुस्त केले. "मोडलेलो हात सांद म्हाराजा, अंगठो हलव म्हाराजा!" पहिले 'व्हय' फोनमधून आले, आमच्या सगळ्यांच्या आधी.

फोन अजून टेकवलेलाच असतो. रविवारी बोलणे सुरू होण्याआधी ते हात समोर धरतात आणि एकेक बोट हलवून दाखवतात. गेल्या वेळी अंगठा किंचित हलला, असे घरातले सगळे म्हणाले. मी त्यांना जरा उजेडाकडे सरकायला सांगितले, आणि पुन्हा हलवायला लावले.