मुठीत न चुरगळणारा कोसा

चंद्रपूरहून सकाळची एसटी धरली. सोबत तुळसाबाईंनी विणलेला दुपट्टा होता, कोशाचा (ऐनाच्या झाडावर वाढणाऱ्या अळीचं रेशीम). आरमोरीजवळच्या एका गावात त्यांचा माग आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तो दुपट्टा सायट्रिक आम्लात भिजवून, वाळवून तापवला होता. त्याने धाग्याच्या आतली बांधणी घट्ट होते आणि सुरकुत्या कमी पडतात; कापड मात्र थोडं कमजोर होतं. दुपट्टा खपला, तर पुढच्या प्रयोगाला कापडाचं अख्खं थान (पूर्ण तागा) द्यायचं तुळसाबाईंनी कबूल केलं होतं. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. थान विकत घेणं मला जमणारं नव्हतं.

गडचिरोलीनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऐन दिसू लागले. ते बघता बघता डुलकी लागली आणि मी एक थांबा पुढे उतरले. उन्हातून चालत मागे आले.

"आली का माय? पाह्य, तोंड कसं झालं! जेव आधी," तुळसाबाई म्हणाल्या. भात आणि झिंग्यांची (वाळवलेल्या कोळंबीची) चटणी. मी दोनदा भात घेतला.

दुपारी ब्रह्मपुरीचं एक जोडपं लग्नाच्या खरेदीला आलं. त्यातल्या बाईंनी माझा दुपट्टा मुठीत आवळला, सोडला आणि बाजूला ठेवला.

"कोसा मागतला होता, बाई. हा तं टेरिकॉट दिसून राह्यला."

"काऊन?" तुळसाबाईंनी विचारलं.

"चुरगळतच नाई न! खरा कोसा मुठीतून निघाला का आजीच्या गालावानी दिसते."

"त्याला आम्ल लावलंय," मी घाईने म्हणाले.

"ॲसिड?" त्यांचे यजमान मागे सरकले. "नवरीले भाजाचं हाय काय?"

लिंबात असतं तेच, धुऊन काढलंय, असं मी सांगेपर्यंत तुळसाबाईंनी काठाचा धागा ओढून चुलीतल्या निखाऱ्यावर टाकला. खऱ्या रेशमाचा येतो तसा, केस जळल्यासारखा वास आला.

"हाय कोसाच," बाईंनी मान्य केलं. "पण मांडवात सगळ्याईले धागा जाळून दाखवत फिरू काय?" त्यांनी दुसरा, साधा दुपट्टा घेतला.

ते गेल्यावर तुळसाबाईंनी माझा दुपट्टा स्वतःच्या खांद्यावर टाकला. "थान नाई देत मी. हा वापरून पाह्यतो. फाटला तं सांगीन तुले."

परतताना वाटत होतं, पुढच्या वेळी आम्ल कमी करावं. मुठीतून निघताना कापड चुरगळलेलं दिसावं आणि टांगून ठेवलं की हळूहळू सरळ व्हावं. जमेल का, ठाऊक नाही. सुरकुत्या गेल्या होत्या आणि दुपट्टा खपला नव्हता. कॉलेजातल्या सरांना प्रयोग जमला म्हणून सांगायचं की फसला म्हणून, हे वाटेतल्या मूल गावचा स्टँड आला तरी ठरत नव्हतं.