ह्यांच्या वतीनं दाबलेली बटणं

आमच्या ह्यांना लकवा झाला तेव्हा उजवी बाजू गेली आणि त्याच झटक्यात बोलणंही गेलं. तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला, ‘बरं’. भूक लागली तरी ‘बरं बरं’, पाय ठणकला तरी ‘बरं बरं’, आणि मी ह्यांना नको तो शर्ट घालायला घेतला की चिडूनही तेच, फक्त जोरात. डॉक्टर म्हणाले, आतलं सगळं शाबूत आहे, त्यांना सगळं समजतं, शब्दांची बाहेर यायची वाट तेवढी बंद झालीय. लोकांना हे ऐकून धीर यायचा. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

कारण हा माणूस आयुष्यभर बोलण्यावर जगलेला. गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानात ते सेल्समन होते. गादीवर बसून एकामागून एक साडी उलगडायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा. गिऱ्हाईक पैठणचं असलं की धरणात पाणी किती इथून सुरुवात, वैजापूरचं असलं की कांद्याचा भाव. मग गाडी हळूच राजकारणावर यायची. शेजारच्या बोळात त्यांच्या दोस्ताचं शिलाईचं दुकान होतं. ते मुसलमान, वयानं ह्यांच्याएवढेच. दोघांचं एका गोष्टीवर कधी एकमत झालं नाही आणि दोघांचा दुपारचा चहा कधी वेगळा झाला नाही.

निकालाचा दिवस म्हणजे आमच्या घरी सणच. विधानसभा असो की जिल्हा परिषद, सिडकोतल्या आमच्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून माणसं जमायची. टीव्हीवाले नंतर सांगायचे, हे आधी सांगायचे. ‘तिकडची गावं उघडू द्या, मग बघा लीड कसं तुटतं.’ दोस्त मुद्दाम उलट बाजू धरायचे. मी आतून पोह्यांच्या प्लेटा बाहेर द्यायची आणि कान बाहेरच ठेवायची. एवढं बोलायचे, पण स्वतः मत कुणाला दिलं ते ह्यांनी कधी सांगितलं नाही. मलाही नाही, आणि माझं कधी विचारलंही नाही. म्हणायचे, ‘बोलायचं ते चव्हाट्यावर, द्यायचं ते पडद्याआड. तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी.’

महापालिकेची निवडणूक कित्येक वर्षं झालीच नव्हती. नळाला आठवड्यानं कधीतरी पाणी यायचं आणि दर वेळी टाकीत पाइप सोडताना हे म्हणायचे, ‘एकदा निवडणूक लागू दे, मग बघतो एकेकाकडं.’ ती लागली तेव्हा हे चाकाच्या खुर्चीत बसून होते आणि तोंडात ‘बरं’ एवढंच होतं.

प्रचाराला माणसं यायला लागली. पहिल्यांदा ह्यांच्या जुन्या पक्षाचा उमेदवार आला. ह्यांनी सगळी हयात त्या पक्षाची बाजू भांडून मांडलेली, पण शेवटची दोन-तीन वर्षं त्याच पक्षाला शिव्या घालत होते. उमेदवार पाया पडला. म्हणाला, ‘काका, आशीर्वाद द्या. मत आपल्यालाच ना?’

‘बरं बरं,’ हे म्हणाले.

तो खूश होऊन गेला. मग दुसरे आले, तिसरे आले. सगळ्यांना ‘बरं बरं’. सगळे खूश. दोस्त बाजूला बसून हसत होते. ‘क्या मियाँ, सगळ्यांनाच जबान देऊन बसले तुम!’ हेही हसले. लकव्यानंतर तोंडाची एकच बाजू हसते, तसं. त्या दिवशी मलाही हसू आलं होतं.

शेवटी आमच्या गल्लीतला रिक्षावाला आला. तो अपक्ष उभा होता, कपबशी चिन्हावर. लकव्याच्या दिवशी ह्यांना उचलून रिक्षात घातलं ते त्यानंच, आणि तेव्हापासून व्यायामासाठी दवाखान्यात नेणं-आणणं तोच करायचा. त्यानं काही मागितलं नाही. चिठ्ठी हातात दिली आणि संकोचून म्हणाला, ‘काकू, उभा राहिलोय बघा.’ हे त्यालाही ‘बरं’ म्हणाले. एकदाच, हळू. मी त्या एका ‘बरं’चा पुढं खूप विचार केला.

मतदानाच्या दिवशी ह्यांनी सकाळीच डाव्या हातानं कपाटाकडं बोट दाखवलं. मी औषध दिलं, नको. स्वेटर दिला, नको. शेवटी मतदान कार्ड काढलं तेव्हा शांत झाले. रिक्षावाला उमेदवार म्हणून दुसरीकडं गुंतलेला, म्हणून दोस्तानं कुणाची तरी गाडी आणली. शाळेत खालच्या वर्गात केंद्र होतं, खुर्ची आत गेली. केंद्रावरच्या साहेबांनी ह्यांच्याकडं बघितलं आणि मला म्हणाले, ‘ताई, सोबती म्हणून तुम्हाला आत जाता येईल. पण ते सांगतील तेच बटण दाबायचं, आणि ते कुणाला सांगायचं नाही. इथं सही करा.’ मी सही केली.

पडद्याआड गेलो. आमच्याकडं एका प्रभागात चार जागा, म्हणजे चार मतं. मशीनवर पहिल्या जागेच्या बटणांसमोर ह्यांनी डावा हात उचलला. बोट दोन नावांच्या मधोमध जाऊन टेकलं.

‘हे वरचं?’ मी हळूच विचारलं.

‘बरं.’

‘का खालचं?’

‘बरं.’

मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. मी अंगणवाडीत वर्षं काढली. बोलता न येणाऱ्या लेकरांना काय पाहिजे ते मला रडण्यावरून कळायचं, पाणी का शी का आई. पण ह्यांच्या डोळ्यांवरून मला एक माणूस निवडायचा होता आणि ते मला जमेना. पहिली तीन मी अंदाजानं दाबली. दर वेळी त्यांच्या तोंडाकडं बघत, ते शांत आहेत ना हे चाचपत. चौथ्या जागेला जुना पक्ष होता आणि कपबशीही होती. बोट पुन्हा मधेच. मी एकावर हात ठेवला, त्यांनी माझं मनगट धरलं. दुसऱ्यावर ठेवला, तरी धरलेलंच. ‘बरं, बरं, बरं’, आवाज चढायला लागला. डोळ्यांत पाणी आलं.

‘झालं का ताई? बाहेर लाइन आहे,’ साहेबांचा आवाज आला.

चारही दाबल्याशिवाय ते मशीन काही वाजत नाही. सगळ्यांत खाली ‘कोणीही नाही’ असंही बटण होतं, पण त्या बटणाची ह्यांनी आयुष्यभर टर उडवलेली. मी एक बटण दाबलं. कुणाचं ते इथंही लिहिणार नाही, तशी सही केलीय. मशीन लांबलचक वाजलं आणि ह्यांनी माझं मनगट सोडलं.

निकालाच्या दिवशी आमच्याकडं कुणी येईल असं वाटलं नव्हतं. दोस्त मात्र आले. ह्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले आणि मोबाइल बघून फेरीचे आकडे वाचायला लागले. मग त्यांनी जे केलं ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं. ते ह्यांच्या वाटचंही बोलायला लागले. ‘अब तुम बोलिंगे, शेवटच्या फेरीत पलटतंय. बोलो, बोलिंगे ना? तर मैं बोल्तुं, नाय पलटत.’ ह्यांच्या बाजूचा मुद्दा मांडायचा आणि स्वतःच तो खोडायचा. हे ‘बरं बरं’ करत मान हलवत होते. थोडा वेळ तर घर जुन्यासारखंच वाटलं.

तीन जागांचं लवकर कळलं. चौथ्या जागेवर जुना पक्ष आणि कपबशी वर-खाली होत राहिले. दुपारी जुन्या पक्षाचा उमेदवार निवडून आला. रिक्षावाला अगदी थोडक्यात पडला. दोस्तानं ते वाचलं आणि ह्यांना रडू फुटलं. खांदे हलवून, तोंड उघडं ठेवून ते रडले.

लकव्यानंतर हसू-रडू सहज येतं, त्याचा अर्थ लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बायकोनं अर्थ लावायचा नाही तर मग कुणी लावायचा? मी पुढ्यात बसले. ‘माझं चुकलं का? तुम्हाला दुसऱ्याला द्यायचं होतं का?’

‘बरं.’

‘का बरोबर झालं? पक्ष आला म्हणून रडताय?’

‘बरं! बरं!’ त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला.

दोस्तानं कपाटावरच्या प्रचाराच्या चिठ्ठ्या काढल्या आणि ह्यांच्या मांडीवर पसरल्या. ‘मियाँ, बोलू नको. नुसतं हात ठेव. कोन था तेरा?’

ह्यांनी एकेक चिठ्ठी बघितली. मग एका हातानं त्या चिठ्ठ्या गोळा करायला लागले. काठाला काठ लावून, एकीवर एक. दुकानात गिऱ्हाईक काही न घेता उठून गेलं की साड्यांची चळत अशीच परत लावायचे. सगळ्या नीट लावल्या आणि माझ्या हातात दिल्या.

दोस्त चष्मा पुसत म्हणाले, ‘भाभी, मैं इसके साथ चालीस साल झगड्या. पर ये बटन किसका दबाता था, मेरेकू नै मालूम. तुम दिल पे नक्को लेओ.’

संध्याकाळ व्हायच्या आत मिरवणूक गल्लीत आली. डीजे, फटाके, गुलाल. नवा नगरसेवक थेट आमच्या दारात. ‘ह्या काकांनी मला पहिल्याच दिवशी शब्द दिला होता,’ तो मागच्या पोरांना ओरडून सांगत होता. त्यानं ह्यांच्या कपाळाला गुलाल फासला, गालाला फासला, तोंडात पेढा घातला. ह्यांना गिळायला वेळ लागतो. पेढा गालात तसाच राहिला आणि हे माझ्याकडं बघत राहिले. मी काय बोलणार होते? की त्यांचा शब्द तसा नव्हता? मग कसा होता? मी ताट पुढं केलं, त्याला ओवाळलं. पोरं फोटो काढत होती. ते गेल्यावर दोस्तानं फडकं ओलं करून ह्यांचं तोंड पुसलं आणि मी बोटानं पेढा बाहेर काढला.

रिक्षावाला ठरल्या दिवशी दवाखान्याला न्यायला आला. डोळे तांबारलेले, पण वेळेवर. ह्यांना उचलून बसवताना म्हणाला, ‘काकू, आपल्याच बूथवर मला मतं कमी पडली. जाऊ द्या. पण काकांचं मत माझंच होतं, मला ठाऊकै. व्हय ना काका?’

‘बरं,’ हे म्हणाले.

तो माझ्याकडं बघून हसला. खरं सांगावं तर मी शपथ मोडणार होते, आणि गप्प बसले तर त्याला फसवल्यासारखं होत होतं. त्यातून खरं काय ते मलाही कुठं माहीत होतं? मी ह्यांच्या पायावर चादर टाकली आणि ‘चल रे, उशीर होईल’ एवढंच म्हणाले. रस्ताभर तो पुढच्या वेळच्या तयारीचं बोलत होता.

पुढं व्यायाम करून ह्यांचा हात थोडा सुधारला. बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडंही नेतो. उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस नळ आला, आणि हे खुर्चीतून ‘पाणी’ म्हणाले. अगदी स्वच्छ. मी बादली तशीच टाकून धावत आले. दोस्ताला फोन केला, त्यांनी मोबाइलवरूनच ह्यांच्याकडून तो शब्द तीनदा म्हणवून घेतला. नंतर ‘चहा’ आला, मग ‘नको’. ‘नको’ आला त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली.

आता हो की नाही एवढं तरी सांगता येईल म्हणून एका दुपारी मी धीर करून पुन्हा विचारलं. ‘त्या दिवशी मी दाबलं ते बरोबर होतं का हो?’ त्यांनी माझ्याकडं बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या. तोंड हललं, काहीतरी जुळवत होते. शेवटी म्हणाले, ‘चहा.’

मी उठून आधण ठेवलं.