जोनेटच्या घरची खिडकी

डॉक्टर निनियन मक्लर्ग यांनी सकाळपासून घोडीवर खोगीर चढवलं, उतरवलं, परत चढवलं. घोडी बिचारी कंटाळून गेली.

ग्रिझेल, त्यांची बायको, दारात जवाचं पीठ चाळत होती. ती म्हणाली, "अहो डॉक्टर, एक तर जा, नाहीतर घरात येऊन बसा. घोडीनं तुमचं काय वाकडं केलंय?"

"परवा येईन म्हणून सांगून आलोय. आजच गेलो तर ती जोनेट म्हातारी म्हणेल, ह्याचा स्वतःवरच भरवसा नाही."

"मग आहे का?"

डॉक्टर घोडीवर बसले.

डोंगरापलीकडं जोनेटच्या सुनेच्या, बेथियाच्या पोरीला, एफीला, त्यांनी मागच्या आठवड्यात देवी टोचल्या होत्या. ज्या पोराला हलक्या देवी आल्या होत्या त्याच्या फोडातला पू, एफीच्या दंडावर ओरखडा काढून लावला होता. थोडा ताप यायचा, चार फोड यायचे आणि जन्माची सुटका व्हायची. पण कधी कधी ताप थोडा राहत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. बेथियाची थोरली दोन्ही लेकरं देवींनीच गेलेली, उरली ती ही एकच. ओरखडा काढताना एफी गुदगुल्या होतात म्हणून हसली होती. ते हसणं काही त्यांच्या कानातून जाईना.

वाटेत एका मेंढपाळानं लगाम धरला. गाल सुजून भोपळा झालेला.

"डॉक्टर, दाढ काढून जा."

"परत येताना काढतो."

"परत येईपर्यंत मी विहिरीत उडी टाकलेली असेल."

डॉक्टरांनी त्याला दगडावर बसवला आणि इतक्या घाईनं दाढ उपटली की गडी ओरडायचंही विसरला.

डोंगर उतरले तर काय, जोनेटच्या घराच्या खिडकीची फळी घट्ट लावलेली आणि छपरातून नुसता धूर. खिडकी उघडी ठेवा, विस्तव नको, पातळ पांघरूण घाला, असं बजावून गेले होते. पण तिकडं देवी आल्या की लेकराला उबेत कोंडायचं, घाम काढायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बेथियाची सासू जोनेट म्हणजे त्या रीतीची राखणदारच.

आत कपाटासारख्या पलंगाची दारं लावलेली. डॉक्टरांनी ती उघडली. एफी लोकरीच्या पांघरुणांत गुंडाळलेली, लाल लाल, ओठ सुकलेले. त्यांनी तिला उचलली आणि तडक खिडकीशी नेऊन फळी ढकलली.

"गारठून मारतोस का रे पोरीला?" जोनेट आडवी आली.

"आजी, तुम्ही तिला भाजताय."

"दोघांना याच उबेत जपलं मी."

ती दोघं कुठं गेली, हे कुणी बोललं नाही. बेथिया भिंतीला टेकून खाली बसली. जोनेट आडवी उभी होती ती बाजूला झाली. डॉक्टरांनी ओल्या फडक्यानं एफीचं कपाळ पुसलं, चमच्या चमच्यानं पाणी पाजलं. फोड मोजकेच होते, पण अंग निखाऱ्यासारखं होतं. डॉक्टर दारापर्यंत जायचे, परत यायचे, नाडी बघायचे, परत दाराशी.

शेवटी जोनेट म्हणाली, "येरझाऱ्या कसल्या घालतोस? जायचं असेल तर सांग. पण मी खोटं बोलणार नाही. तू डोंगर चढलास की मी ती फळी लावीन. मला राहवायचं नाही."

"मग मी जात नाही."

"तेच म्हणते मी. बस."

म्हातारीनं स्वतः स्टूल ओढून दिलं आणि समोर बसली. तीही खिडकीकडं बघत होती, तेही.

ऊन कलतं झालं तेव्हा एफीच्या मानेवर घाम फुटला. ताप उतरणीला लागला. तिनं डोळे उघडून भाकरी मागितली, वर लोणीही मागितलं.

बेथिया रडत रडत चुलीकडं पळाली. जोनेट उठली, नातीच्या पायांवर हात फिरवला.

"आता तरी लावू का फळी?"

"नको, आजी."

"बरं," ती म्हणाली, आणि स्वतःच शाल गुंडाळून बसली.