धुऱ्यावरचं पिस्तूल

हे आजपर्यंत मी कोणालेच सांगितलं नाही. बायको गेली, तिलेही नाही. तुले सांगून राह्यलो. आताच काहून, ते विचारू नको.

मी फौजदार म्हणून रिटायर झालो. आता मेडशीकडल्या आमच्या गावात राह्यतो, सोयाबीन-तूर पाह्यतो, संध्याकाळी पारावर बसतो. मागच्या महिन्यात माह्या पुतण्याचं लग्न जुळलं, साक्षगंध झालं. तोही पोलिसात, नवा फौजदार. सुटीवर आला होता बावा, तरी पांढरा शर्ट खोचून कमरेले पिस्तूल — उघडं, सगळ्याईले दिसन असं. पंक्तीत वाढणारे त्याच्या पानावर दोन-दोनदा बुंदी टाकून राह्यले होते अन् बाकीच्याईले विसरून राह्यले होते.

दुसऱ्या दिवशी पारावर हाच विषय. ड्युटी नसताना पोलिसानं हत्यार असं मिरवावं का? एक म्हणे, वैरी काय ड्युटी पाहून येते? दुसरा म्हणे, मंग पंक्तीत कोणता वैरी बसला होता, वांग्याची भाजी? सगळे हासले. अन् मंग माह्याकडं पाह्यलं — गावातला जुना फौजदार मीच ना. मी छाती काढून सांगितलं का मी दर खेपेले रजेवर निघताना पिस्तूल ठाण्यात जमा केलं, रजिस्टरवर सही केली. पुऱ्या नोकरीत एकदाही हत्यार गावात आणलं नाही.

हे खरं हाये. अक्षर न् अक्षर खरं हाये. मंग घरी आल्यावर भाकर तशीच ठेवून काहून उठलो?

शालिकचं सांगा लागते.

शालिक माहा लंगोटीयार. त्याचं वावर अन् आमचं वावर एकमेकाले लागून, मधात धुरा — तुमी लोक बांध म्हणता तो. त्या धुऱ्यावर एक बोर होती. शाळा बुडवून आमी दोघं तिच्याखाली पडून राहू. त्याची माय दोघाईची भाकर एकाच फडक्यात बांधे, वरून ठेचा अन् कांदा. मोठी भाकर कोणाची, यावरून मारामारी होये. काय दिवस होते गड्या ते! मले पोहणं शालिकनंच शिकवलं — शिकवलं म्हणजे, विहिरीत ढकलून देल्लं. मी भरती झालो तवा जऊळक्याच्या स्टेशनावर ट्रंक डोक्यावर घेऊन तोच आला होता. अन् जाताना माह्या पायातली चप्पल काढून घेतली लेकानं. म्हणे, तुले आता सरकारी बूट भेटते. मी अनवाणी गाडीत चढलो. आजही ते आठवलं का एकटाच हासतो मी.

मंग नोकरीत वर्षं गेली, बदल्या झाल्या. आमचं वावर माहा भाऊ वाही. दर साली वखर थोडा तिकडं, थोडा तिकडं — करता करता आमी शालिकच्या वावरात सहा ओळी सरकलो. बोर धुऱ्यावरून आमच्या वावरात आली. झाड काय चालत आलं? मले सगळं दिसत होतं. शालिकनं भांडण नाही केलं. निरोप धाडला का सुटीवर ये, चार माणसं बसवू, दोरी टाकून मोजू, हासत-खेळत मिटवू.

मी आलो. पिस्तूल जमा करूनच आलो — सांगितलं ना.

पण होल्स्टर, ते चामड्याचं पाकीट, पट्ट्यासंगं माह्या बॅगेत होतं. सकाळी धुऱ्यावर जायच्या आधी मी तो पट्टा बांधला. पाकीट रिकामं, लोंबून राह्यलं होतं. मंग मी... थांब, सांगतो. मंग मी बुढ्याचा, म्हणजे बापाचा, अडकित्ता घेतला, सुपारीचा, अन् त्यात घातला. वरचं झाकण लावलं, बटण लावलं. आरशात पाह्यलं. चांगलं फुगलं होतं.

चुकून कोणी अडकित्ता तिथं ठेवते का? तूच सांग.

धुऱ्यावर मी एक शब्द बोललो नाही. आवाज चढवला नाही, कोणाले धमकी देल्ली नाही. पट्ट्यात अंगठा खोसून फक्त उभा राह्यलो. चार माणसाईनं माह्या कमरेकडं पाह्यलं, मंग मातीकडं. शालिक बोरीकडं हात करून काही सांगून राह्यला होता. त्याची नजर माह्या कमरेवर गेली. हात खाली आला.

“साहेब म्हणतीन तसं,” म्हणे.

साहेब. ज्यानं मले विहिरीत ढकललं, त्यानं. अन् मी तर काहीच म्हटलं नव्हतं.

सहा ओळी आमच्या झाल्या. भावानं त्याच हंगामात बोर तोडली, मीच तोड म्हटलं. पण मले सांगायचं ते हेही नाही. सांगायचं हे, का त्याचा हात खाली आला तवा मले बरं वाटलं. लाज नाही वाटली — बरं वाटलं. लय बरं वाटलं. माह्या जिवाभावाचा माणूस मले भ्याला अन् मी मनातून खूश झालो. त्या दिवसापासून शालिकनं मले नावानं हाक मारली नाही. रस्त्यात भेटला का बाजूले होते, राम राम साहेब म्हणते. आमच्या घरचा चहा सोडला त्यानं.

आता पारावरचं राह्यलेलं ऐक. मी छाती काढून बोलून राह्यलो होतो तवा शालिक समोरच बसला होता. त्यानं तर डोळ्यानं पाह्यलं होतं ना, माह्या कमरेले पिस्तूल. त्याच्या हिशेबानं मी चार लोकात तोंडावर खोटं बोलून राह्यलो होतो. मले वाटलं, आता बोलते. बोलून टाक लेका, असंही वाटलं. अन् तो बोललाच.

“खरं हाये,” म्हणे. “साहेबानं गावात हत्यार कधीच आणलं नाही. मी साक्षी हाये.”

सत्तरीचा माणूस. अजून भेते — एका अडकित्त्याले. आपण माह्यासाठी खोटं बोललो असं त्याले वाटलं, अन् ते खोटं नव्हतं हे त्याले माहीत नाही. ते फक्त मले माहीत हाये. तिथंच सांगता आलं असतं. सगळे होते.

मी मान डोलावली. त्याच्यासाठी चहा सांगितला. दोन्ही हातानं कप धरून पेला तो, माह्याकडं न पाह्यता.

ते सहा ओळीचं वावर अजून माह्याच ताब्यात हाये.