पंधरा दिवसांचे पहिलवान

आमच्या मोठ्या काकांना बस डेपोत सगळे ‘पहिलवान’ म्हणायचे. ही थट्टा आहे हे काका सोडून सगळ्यांना कळत होतं. काका लांब पल्ल्याची गाडी चालवायचे. पोट आणि स्टिअरिंग यांच्यात बोटभर फट ठेवून बसायचे. कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही स्कूटर काढायचे. रक्तातली साखर वाढल्याचं निघालं, तेव्हा “आमच्या घराण्यातच आहे ती,” असं त्यांनी वडिलोपार्जित इस्टेट सांगावी तसं सांगितलं.

चालकांची दर वर्षी वैद्यकीय तपासणी व्हायची. नापास झालं की चाकावरून खाली. काकांचा सगळा तोरा त्या चाकावर होता, म्हणून तपासणीआधीचे पंधरा दिवस त्यांना व्यायामाचा झटका यायचा. डेपोच्या आवारात धापा टाकत फेऱ्या, बैठका, गोड बंद. पास झाले की त्याच संध्याकाळी बूट पलंगाखाली. वर मेकॅनिकला उपदेश: “शरीर म्हणजे इंजिन, बरं का! रोज चालू ठेवायला लागतं.”

काकू मात्र खरंच रोज चालायला जायच्या. गुडघा कुरकुरायचा, तरी जायच्या. गुडघा हळूहळू मोकळा झाला आणि रक्तदाब इतका ताब्यात आला की डॉक्टरांनी एक गोळी कमी केली.

“बायकांचं चालणं म्हणजे नुसत्या गप्पा,” काका म्हणायचे. “घाम कुठे येतो?”

“तुम्हाला जेवताना येतो तेवढा नाही येत,” काकू म्हणायच्या.

त्या वर्षी तपासणीला नवीन डॉक्टरबाई आल्या. त्यांनी उपाशीपोटीच्या साखरेबरोबर आणखी एक चाचणी करायला लावली.

“ही मागच्या तीन महिन्यांची सरासरी आहे. फार जास्त आहे,” त्या म्हणाल्या.

“पण मॅडम, मी पंधरा दिवस रोज पळतोय!”

“आणि त्याआधी?”

काका छताकडे बघू लागले.

“चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. त्याचा परिणाम एखाद-दोन दिवस टिकतो, मग ओसरतो. म्हणून आठवड्यातले बहुतेक दिवस झपझप चालायचं, गोळ्याही वेळेवर घ्यायच्या. तुमच्या मागे गाडीभर माणसं बसतात. नजर अंधुक झाली तर? तीन महिन्यांनी बघू. तोवर गाडी नाही.”

काकांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. त्यांची गाडी एका तरुण चालकाकडे गेली.

घरी काकूंनी त्यांचे बूट झटकून दाराशी ठेवले. “चला. चाक परत हवंय ना?”

“आत्तापासून? अगं, सरासरी आहे ती! शेवटचा महिना दणकून मारला की आपोआप खाली येते. गणित आहे हे.”

“गणितात कधी पास झाला होतात?” असं म्हणून काकू एकट्याच निघाल्या.

शेवटचा महिना आला तेव्हा आधी काकांची कंबर धरली, मग उकाडा वाढला, मग टीव्हीवर सामने लागले. उरले पुन्हा पंधरा दिवस. आकडा जेमतेम हलला. डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि डेपोने ती गाडी तरुण चालकाच्या नावावर कायमची लावून टाकली.

काका अजून त्या खिडकीत बसतात. गाडी कुठे उभी आहे असं कोणी विचारलं, तर न उठता हनुवटीने दाखवतात. त्यांची जुनी गाडी फाटकातून बाहेर पडताना गिअर खरखरला, की टेबलाखाली त्यांचा डावा हात हलतो. तेवढाच काय तो त्यांचा व्यायाम.